पक्षाघातातील हस्तकर्म : अभ्यंगानंतरचा तास आणि व्यवसायोपचाराच्या नव्या पद्धती

पक्षाघाताचा रुग्ण ग्रामीण भागातील वैद्याकडे येतो तो बहुधा रुग्णालयातून घरी सोडल्यानंतर. प्राणांवरचे संकट टळलेले असते, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतात आणि घरच्यांच्या मनात एकच प्रश्न असतो : हातपाय पूर्ववत कधी होतील? पुढील चार-सहा महिने हा रुग्ण नियमाने येत राहतो. अभ्यंग होतो, नाडीस्वेद किंवा षष्टिकशाली पिंडस्वेद होतो, बस्तिक्रम योजला जातो, एकांगवीर किंवा बृहत्वातचिंतामणी यांसारखा कल्प दिला जातो. काठीच्या आधाराने का होईना, रुग्ण चालू लागतो. हात मात्र अनेकदा कोपरात वाकलेला व मुठीत वळलेला तसाच राहतो.

बिद्री येथील माझ्या चिकित्सालयात काही वर्षांपूर्वी आलेला एक रुग्ण माझ्या कायम स्मरणात आहे. पन्नाशीतील ऊस उत्पादक शेतकरी, उजवे अंग गेलेले. तिसऱ्या आठवड्यात त्याचे मनगट किंचित वर उचलू लागले, बोटे थोडी उघडू लागली. हे सुचिन्ह मानून मी ठरलेला चिकित्साक्रम पुढे चालू ठेवला. रोज स्नेहन-स्वेदन झाले की रुग्ण घरी जाई. घरी घास भरवला जाई, सदऱ्याची गुंडी दुसरे कोणी लावी, आणि उरलेली सर्व कामे दोन महिन्यांत त्याच्या डाव्या हाताने शिकून घेतली. आठ महिन्यांनंतर जी बोटे उघडत होती तीही उघडेनाशी झाली. हे अपयश व्याधीचे जितके होते तितकेच माझ्या चिकित्साक्रमाचे होते, असे आज मला वाटते. अभ्यंगाच्या वेळी कर्ता वैद्य असतो, रुग्ण केवळ ग्राहक असतो. हात कामाला परत यावयाचा तर रुग्णाने त्या हाताने काही करावे लागते, आणि ते पुष्कळ वेळा करावे लागते. अभ्यंगानंतरचा तो तास मी रिकामा जाऊ दिला होता. प्रस्तुत लेख त्या तासाविषयी आहे.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात पक्षाघातासाठी स्नेहयुक्त स्वेदन व विरेचन सांगितले आहे, हे सर्वज्ञात आहे. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पाचव्या अध्यायात कोणता पक्षाघाताचा रुग्ण उपचारास घ्यावा हे सांगताना दिलेली विशेषणे मात्र आपण घाईने वाचून पुढे जातो. ज्याची गात्रे म्लान झालेली नाहीत, ज्याला वेदना आहे, जो आत्मवान आहे आणि जो उपकरणवान आहे, असा रुग्ण घ्यावा, असा त्याचा आशय आहे. गात्रे सुकण्यापूर्वी उपचार व्हावा आणि संवेदना शिल्लक असणे हे चांगले लक्षण, या दोन गोष्टी आधुनिक मज्जाविज्ञानालाही मान्य होतील. 'आत्मवान' या शब्दात रुग्णाचा निग्रह येतो. 'उपकरणवान' याचा अर्थ साधनसामग्री बाळगणारा. टीकाकारांच्या परंपरेत तो औषधद्रव्ये व परिचर्येची साधने असा घेतला जाईल, आणि ते योग्यच आहे. पण हाताच्या पुनर्वसनाचा विचार करताना त्या शब्दात परात, पितळी तांब्या आणि भिंतीवरचा आरसा यांनाही जागा असावी, असे मला वाटते. हा अर्थ माझा आहे, आचार्यांवर तो लादण्याचा हेतू नाही.

व्यवसायोपचार म्हणजे काय

'व्यवसाय' या शब्दामुळे आपल्याकडे मोठा गैरसमज होतो. एका रुग्णाच्या मुलाने मला सरळ विचारले होते की, वडील आता साठीला आले, त्यांना नवा धंदा कशाला शिकवायचा? येथे व्यवसाय म्हणजे मनुष्य दिवसभर ज्या ज्या कामांत गुंतलेला असतो ती सर्व कामे : अंघोळ, जेवण, कपडे, स्वयंपाक, शेत, देवपूजा. भौतिकोपचार स्नायूंचे बळ, सांध्याची हालचाल आणि चालणे यांकडे प्रामुख्याने पाहतो; व्यवसायोपचार त्या हालचालीतून कोणते काम पार पडते हे पाहतो. दोहोंची सीमा पुष्कळ ठिकाणी एकमेकांत मिसळते.

ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. जन्माने अमेरिकन असलेल्या व विवाहानंतर १९३० साली भारतात आलेल्या कमलाबाई निंबकर यांनी अमेरिकेत या विषयाचे शिक्षण घेऊन १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताचे नाव होते. म्हणजे मुंबईत या शास्त्राला पाऊण शतक झाले. मात्र गारगोटी रस्त्यावरच्या एखाद्या गावातील रुग्णाला व्यवसायोपचारतज्ज्ञ भेटावयाचा तर त्याला आजही शहर गाठावे लागते. वैद्य मात्र गावातच असतो, आणि रुग्ण रोज त्याच्याकडे येत असतो. माझ्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व येथे आहे. व्यवसायोपचार व भौतिकोपचार हे प्रशिक्षित व नोंदणीकृत व्यवसाय आहेत. केंद्राचा सहयोगी आरोग्य व्यवसायांविषयीचा कायदा २०२१ साली झाला. आपण त्यांची जागा घ्यावयाची नाही. त्यांनी एकदा आखून दिलेला क्रम रोज, मोजून, चुका टाळून पार पाडून घेणे हे आपले काम.

आवर्तनांचा हिशेब

मेंदूच्या एका भागास इजा झाल्यावर उरलेल्या भागात नवे मार्ग घडतात, आणि ते वापराने घडतात, हा गेल्या चाळीस वर्षांतील मज्जाविज्ञानाचा मुख्य निष्कर्ष आहे. किती वापराने, हा प्रश्न मात्र उशिरा विचारला गेला. प्राण्यांवरील प्रयोगांत एका दिवसात चारशे-सहाशे वेळा तीच कृती करवून घेतल्यावर मेंदूत बदल दिसले. २००९ साली अमेरिका व कॅनडातील ३१२ उपचार-बैठकींचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. त्यात दुर्बल हाताने केलेल्या सार्थ कृतींची संख्या एका बैठकीत सरासरी ३२ भरली. सुसज्ज केंद्रांत ही स्थिती, तर अभ्यंगानंतर घरी जाऊन बाजेवर पडणाऱ्या रुग्णाची आवर्तने किती होत असतील?

आपल्याकडे आवर्तने मोजण्याचे साधन मात्र सोपे आहे. भुईमुगाच्या शेंगा रुग्णासमोर ठेवाव्यात. एक शेंग उचलावी, पलीकडच्या वाटीत टाकावी. शंभर शेंगा म्हणजे शंभर वेळा पकडणे व शंभर वेळा सोडणे. बोटांत बळ आल्यावर शेंग फोडून दाणे काढावेत. अनेक घरांत रुग्णाच्या हातात रबरी चेंडू दिलेला असतो आणि तो दिवसभर दाबत बसतो. पक्षाघातात अडचण बहुधा मूठ वळण्याची नसते, ती उघडण्याची असते. चेंडू दाबून केवळ वळण्याचाच सराव होतो. शेंग सोडावी लागते, म्हणून ती बरी.

चांगला हात बांधून ठेवणे

एडवर्ड टॉब या अमेरिकन शास्त्रज्ञाने माकडांच्या एका हाताच्या संवेदनावाहक नाड्या छेदून प्रयोग केले. तो हात हलू शकत असूनही माकडे तो वापरीत ना. चांगला हात बांधला की तोच हात वापरू लागत. (याच संशोधनातील प्राण्यांच्या हेळसांडीवरून १९८१ साली अमेरिकेत मोठा वाद झाला, हेही नमूद करावयास हवे.) टॉब यांचा निष्कर्ष असा की, आरंभी प्रयत्न फसतात म्हणून न वापरण्याची सवय जडते, आणि दुर्बलता कमी झाली तरी सवय राहते. माझ्या त्या शेतकरी रुग्णाचे नेमके हेच झाले.

यावर आधारलेल्या पद्धतीला 'कन्स्ट्रेंट-इन्ड्यूस्ड मूव्हमेंट थेरपी' म्हणतात. तिची मोठी तुलनात्मक चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. पक्षाघातास तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण, दोन आठवडे, जागेपणीचा नव्वद टक्क्यांपर्यंत काळ चांगल्या हातावर जाड मोजा, आणि कामाच्या दिवशी सहा तासांपर्यंत सराव. हातात आलेली सुधारणा वर्षभर टिकली. मात्र हे सर्वांना लागू नाही. बाधित हाताचे मनगट किमान वीस अंश व बोटे दहा अंश स्वतःहून मागे उचलता यावीत, असा सर्वसाधारण निकष होता. अधिक दुर्बल हातासाठी थोडा सैल निकषही होता. ज्या हातात काहीच हालचाल नाही त्याचा जोडीदार बांधून ठेवणे ही निव्वळ छळणूक होय.

येथे आपल्यासमोर एक शास्त्रीय प्रश्न उभा राहतो. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असे आपले शास्त्र सांगते. सहा तासांचा सराव त्यात कसा बसवावा? माझे मत असे की वातव्याधीने क्षीण झालेल्या रुग्णावर मूळ स्वरूपातील पद्धत लादू नये. तिचे सौम्य रूप उपलब्ध आहे : आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास तज्ज्ञाकडे सराव, आणि पाच दिवस दररोज पाच तास चांगल्या हातावर बंधन, असे दहा आठवडे. कपाळावर व काखेत घाम आला, तोंडाने श्वास सुरू झाला की थांबावे, ही अर्धशक्तीची लक्षणे येथे उत्तम उपयोगी पडतात. बंधनासाठी पट्टी न बांधता जाड मोजा घालावा, म्हणजे तोल गेल्यास हात टेकता येतो. चालताना, चुलीजवळ, विहिरीवर व वाहनावर बंधन पूर्ण काढावे.

आरसा

विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात अवयव कापलेल्या रुग्णांच्या वेदनेसाठी आरशाचा उपयोग केला. १९९९ मध्ये पक्षाघाताच्या नऊ रुग्णांवर तो प्रथम करून पाहण्यात आला. रुग्णाच्या समोर मधोमध आरसा उभा ठेवावयाचा, दुर्बल हात त्यामागे झाकावयाचा आणि चांगल्या हाताची हालचाल आरशात पाहावयाची. मेंदूला दुर्बल हातच हलत असल्याचा भास होतो. २०१८ सालच्या एका संकलनात ६२ अभ्यास व १,९८२ रुग्ण यांचा एकत्रित विचार करून, इतर उपचारांच्या जोडीला आरसा दिल्यास हाताची कार्यक्षमता सुधारते, असा मध्यम प्रतीच्या पुराव्यावर निष्कर्ष काढण्यात आला. बंधनाच्या निकषात न बसणाऱ्या, अत्यल्प हालचाल असलेल्या हातासाठीही ही पद्धत वापरता येते. साधारण दीड फूट बाय दोन फूट आरसा पुरतो. चांगल्या हातातील अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवाव्यात, नाहीतर भास मोडतो. दिवसाला अर्धा तास, आठवड्याचे पाच दिवस, चार आठवडे हा क्रम मी वापरतो. पहिल्या बैठकीत काहींना गरगरते. अशा वेळी पाच मिनिटांवर थांबावे.

गावातील कामांचे विश्लेषण

व्यवसायोपचाराचा गाभा म्हणजे कामाचे तुकडे करून पाहणे. परदेशी पुस्तकांत काटा-चमचा आणि बरण्यांची झाकणे येतात. आपल्याकडे भाकरी आहे. पीठ मळताना तळहाताच्या मुळावर भार येतो आणि कोपर सरळ होते. भाकरी थापताना बोटे उघडी, तळहात सपाट आणि मनगट मागे राहते. वळलेल्या मुठीच्या नेमक्या उलट ही सर्व स्थिती आहे. एका वृद्धेकडून मी प्रथम कोरड्या परातीत नुसते हात फिरवून घेतले, मग ओल्या पिठाच्या गोळ्यावर दाब, आणि सातव्या आठवड्यात तिने तळहाताएवढी भाकरी थापली. विस्तवापासून तिला दूरच ठेवले होते. तव्यावर ती सुनेने टाकली.

म्हशीची धार काढताना अंगठा व बोटे क्रमाने दाबतात व सुटतात, दोन्ही हातांना लय असते. पण म्हैस बिथरली तर रुग्ण स्वतःला सावरू शकत नाही, म्हणून हा सराव पाणी भरलेल्या रबरी हातमोज्यावर करून घ्यावा. उसाची मोळी बांधण्याचा सराव वाळल्या पाल्याच्या पेंढीवर होतो. विळा-कोयता मात्र संवेदना तपासल्याशिवाय हाती देऊ नये. नाडीची गाठ, सदऱ्याची गुंडी, पंपाचे बटन, पानपुड्यातला चुना काढणे (व्यसनाचे समर्थन म्हणून हे लिहीत नाही) अशी ज्याची त्याची कामे रुग्णाला विचारून ठरवावीत. ज्या कामाशी त्याचे काही देणेघेणे नाही त्याची शंभर आवर्तने तो करणार नाही.

निराशाजनक निष्कर्षही पाहावेत

नवे म्हणून सर्वच स्वीकारावे असे नाही. यंत्रमानवाच्या साहाय्याने हाताचा सराव देण्याची ब्रिटनमधील ७७० रुग्णांची चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारापेक्षा कार्यक्षमतेत विशेष लाभ दिसला नाही. पक्षाघातानंतर चोवीस तासांच्या आत रुग्णाला वारंवार उठविण्या-बसविण्याच्या पाच देशांतील २,१०४ रुग्णांच्या चाचणीत (२०१५) चांगली स्थिती प्राप्त झालेले रुग्ण ४६ टक्के, तर सावकाश हालचाल दिलेल्या गटात ५० टक्के निघाले. पहिल्या दिवशीची घाई अपायकारक ठरते, हे घरच्यांना आवर्जून सांगावे.

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची चाचणी भारतातीलच आहे. १४ रुग्णालये, १,२५० रुग्ण. घरच्या माणसांना रुग्णालयात शिकवून व नंतर काही गृहभेटी देऊन पुनर्वसन त्यांच्याकडे सोपविले. २०१७ साली निष्कर्ष आला : सहा महिन्यांनी मृत्यू वा परावलंबित्वाचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. 'घरी व्यायाम करून घ्या' एवढे सांगून रुग्ण सुधारत नाही, हा त्याचा सरळ अर्थ. वैद्याने रोज समोर बसून आवर्तने मोजल्यास निष्कर्ष वेगळा येईल काय? मला तशी आशा आहे. पण आशा हा पुरावा नव्हे. म्हणून प्रत्येक रुग्णाची वही ठेवावी : तारीख, काम, आवर्तने, आणि दर पंधरवड्याला एका मिनिटात किती शेंगा उचलल्या ती संख्या. सहा आठवडे संख्या हलली नाही तर क्रम बदलावा व रुग्ण तज्ज्ञाकडे पाठवावा.

स्नेहन-स्वेदनातील दक्षता

बाधित अंगाची संवेदना मंद असते, आणि स्वेदनात त्वचा भाजल्याचे रुग्णाला कळत नाही. प्रत्येक वेळी कोमट व थंड पाण्याच्या नळ्यांनी संवेदना तपासावी; पोटलीची उष्णता आधी चांगल्या बाजूवर पाहावी. खांदा लोंबता असेल तर अभ्यंगाच्या वेळी हात धरून ओढू नये, दंड उशीवर टेकवून मगच काम करावे. उठविताना काखेत हात घालून उचलण्याची घरोघरची पद्धत बंद करावी. हात सुजलेला, तांबूस व दुखरा असेल तर मर्दन नको. पायाची पोटरी एकाएकी सुजून गरम झाली असेल तर रक्ताची गाठ गृहीत धरून अभ्यंग थांबवावा व रुग्ण तातडीने रुग्णालयात पाठवावा. पाणी गिळताना ठसका लागणाऱ्या किंवा आवाज घोगरा होणाऱ्या रुग्णास काढा देऊ नये, तो श्वसनमार्गात उतरतो. आणि तोंड वाकडे, हात लुळा, बोबडी वळलेली अशी अवस्था ताजी असेल तर नस्याचा विचारही न करता वेळ लिहून रुग्णालयाकडे वाहन काढावे. गाठ विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत आणि मेंदूचे छायाचित्रण झाल्यावरच देता येते.

मणक्याला इजा झालेल्यांचा प्रश्न निराळा आहे. तेथे शय्याव्रण हा पहिला शत्रू. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलणे कोणत्याही तेलापेक्षा महत्त्वाचे. चाकाच्या खुर्चीवरून स्वावलंबी आयुष्य उभे राहू शकते, हे कोल्हापूरकरांना सांगावे लागू नये : नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली येथेच 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली, आणि त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन अशा रुग्णाच्या घरी वाचावयास द्यावे.

औषधालय चालकांसाठी

रुग्णाला बरे वाटू लागले की रक्तदाबाच्या व रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या तो आपणहून बंद करतो, आणि हे प्रथम कळते ते औषधालयाला. महिन्याची गोळी नेण्यास आला नाही, तर निरोप धाडावा. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असताना लसूण किंवा गुग्गुळयुक्त कल्प दीर्घकाळ द्यावयाचा असेल तर वैद्याला व मूळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांत झटके टाळण्यासाठी फेनिटॉइन चालू असते, आणि स्मृती मंद झाली म्हणून घरचे लोक शंखपुष्पीचे पेय मागावयास येतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंखपुष्पीच्या अशा कल्पामुळे फेनिटॉइनची रक्तातील मात्रा घटत असल्याचे आढळले. झटक्यांवरील ताबा सुटलेले रुग्ण पाहूनच तो अभ्यास हाती घेण्यात आला होता. काउंटरवर शंखपुष्पी मागितली गेली की 'घरात कोणाला फिटची गोळी चालू आहे का?' हे विचारण्यास अर्धे मिनिट लागते. माझ्या येथील वहीच्या पहिल्या पानावर आता चालू औषधांची यादी असते, आणि तिची एक प्रत रुग्णाबरोबर औषधालयात जाते.